नोंदीत नको

सभागृहात बाईंची जागा ठरलेली होती. अध्यक्षांच्या डाव्या हाताला, साक्षीदाराच्या खुर्चीपासून सहा फुटांवर एक छोटं टेबल. टेबलावर वही, टोक केलेल्या चार पेन्सिली, आणि बाकी काही नाही. पाण्याचा पेलासुद्धा नाही, कारण पाणी प्यायला हात लागतो, आणि कामाच्या वेळी लिहिणाऱ्याचे दोन्ही हात सरकारचे असतात असं बाईंचं मत होतं. उजव्याने लिहायचं, डाव्याने पान उलटायचं.

बाई स्टेनो होत्या. सभागृहात कोणी काही बोललं की ते त्यांच्या शॉर्टहँडच्या रेघोट्यांत उतरायचं आणि मग टाइप होऊन फायलीत जायचं. तिथे एक रेकॉर्डरही होता, पण तो पंख्याची घरघर आणि तिसऱ्या रांगेतला खोकला फार निष्ठेने टिपायचा. माणसांचं बोलणं तेवढं राहून जायचं. त्यामुळे सगळी भिस्त बाईंवर.

स्टेनोकडून एखादं वाक्य सुटलं तर पेन्सिल वर करायची, अशी तिथली रीत. पेन्सिल दिसली की अध्यक्ष बोलणाऱ्याला थांबवतात आणि ते वाक्य पुन्हा सांगायला लावतात. यात कमीपणा काही नाही. बाईंबरोबर आळीपाळीने बसणारा दुसरा स्टेनो, ज्याला त्याच्या अंगकाठीमुळे सगळे सुतळी म्हणत, तो तासातून दोनदा तरी पेन्सिल वर करायचा. बाईंनी एकोणतीस वर्षांत एकदाही केली नव्हती. घाईत बोलणारे वकील आले, दात पडलेले पुढारी आले, एक गृहस्थ तर शिंकता शिंकता रडले आणि रडता रडता बोलले; बाईंची पेन्सिल कागद सोडून हलली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायची तसदी त्या घेत नसत.

‘कानातून थेट हातात,’ असं त्यांच्या मास्तरांनी शिकवलं होतं. ‘मध्ये डोकं आणायचं नाही. डोकं घरी ठेवून यायचं.’ बाईंनी ते मनावर घेतलं. अडचण एवढीच की घरी गेल्यावर ते पुन्हा घालायला त्या कधी कधी विसरत.

ही कला टिकवायची तर रोज सराव लागतो, आणि सरावाला वाचून दाखवणारं माणूस लागतं. नवरा फिरतीवर असायचा. म्हणून ते काम सात वर्षांच्या लेकीकडे आलं. शाळेतून आली, हातपाय धुतले, की बापाचं जुनं घड्याळ समोर ठेवून ती वाचायला बसायची. मिनिटाला ऐंशी शब्द, मग शंभर, मग एकशेवीस. वेग चुकू नये म्हणून उजव्या हाताच्या तर्जनीने टेबलावर ठेका धरायची. वर्तमानपत्र संपलं की औषधाच्या बाटल्या, कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपुस्तक, विम्याच्या कागदांमागची बारीक अक्षरं, हाती लागेल ते. ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’ हे वाक्य ती मिनिटाला शंभरच्या वेगाने वाचायची आणि स्वतःच खुदकन हसायची. मग आई ओरडायची, “हसणं धरत नाहीत शब्दात. पुढे वाच.”

लेक मोठी झाली, बाप वारला, ती पोहणं शिकवायला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेऊन राहू लागली. घरात तिच्याबरोबर एक दातांची डॉक्टर होती. ‘मैत्रीण’ म्हणून बाई तिला ओळखत, आणि ओळखत म्हणजे चांगल्याच ओळखत, कारण बाईंची खालची दाढ तिनेच वाचवली होती. चार खेपा, वरून कॅप, आणि फीचं नाव काढलं की कानावर हात.

मग तीन वर्षांपूर्वी एका दुपारी लेक आईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आधी नळाबद्दल बोलली, मग खिडकीच्या जाळीबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं बराच वेळ चाललं होतं. शेवटी म्हणाली, “आई, आम्ही दोघी नुसत्या एका घरात राहत नाही. आम्ही संसार करतोय. मला वाटलं, तुला माझ्या तोंडून कळावं.”

बाई म्हणाल्या, “गॅस बारीक कर. दूध वर येतंय.”

लेकीने गॅस बारीक केला. दूध उतू गेलं नाही. त्या विषयावर पुढे एक अक्षर निघालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

ही चूक दुसऱ्या कोणत्या आईने केली नसती. दुसरी रडली असती, भांडली असती, नातेवाइकांना गोळा केलं असतं, नाहीतर पोरीला पोटाशी धरलं असतं. बाईंनी ऐकून घेतलं. आणि त्यांच्या पेशात ऐकून घेतलं की काम झालं. उत्तर देणं हे दुसऱ्याचं खातं. शिवाय सभागृहात एक सोय असते. एखादी अडचणीची गोष्ट निघाली की अध्यक्ष म्हणतात, ‘हे नोंदीत नको,’ आणि स्टेनोचा हात थांबतो. ती गोष्ट सगळे ऐकतात, पण कागदावर ती घडलेलीच नसते. बाईंनी लेकीचं वाक्य तसं बाजूला ठेवलं. अळीमिळी गुपचिळी. लेक दर आठवड्याला फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. बाई त्या कॅपने रोज दोन वेळा चावत होत्या, पण जिने ती बसवली ती आपली कोण, याचा विचार दाताखाली येऊ देत नव्हत्या.

आणि मग सरकारने समिती नेमली. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता यावं की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि अहवाल द्यायचा. पाच सदस्य, त्यांत एक प्राध्यापिका, वर अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना वाक्याच्या मध्येच चष्मा पुसायची सवय होती. सुनावणी चाळीस दिवस. स्टेनो दोघं: सुतळी आणि बाई.

पहिले काही दिवस बाईंना मजाच वाटली. एक गृहस्थ म्हणाले, आज हे मान्य केलंत तर उद्या माणसं टेबलाशी लग्न करतील. अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, “टेबलाची संमती कोण घेणार?” गृहस्थ म्हणाले, “तेच तर मी विचारतोय.” दुसरे एकजण वीस मिनिटं निसर्गनियमांवर बोलले आणि मग आपलं तिसरं लग्न परवाच झाल्याचं त्यांच्या तोंडून निसटलं. बाजूने बोलणारेही काही कमी नव्हते. एका तरुणाने इतके आकडे सांगितले की सुतळीने चार वेळा पेन्सिल वर केली आणि पाचव्यांदा नाद सोडला.

पण स्टेनोच्या कामाचा दुसरा भाग टायपिंगचा असतो. दहा मिनिटं सभागृहात लिहायचं, मग मागच्या खोलीत जाऊन ते टाइप करायचं, तोवर दुसरा लिहितो. लिहिताना डोकं बाहेर ठेवता येतं. टाइप करताना नाही, कारण आपल्याच रेघोट्या वाचायच्या असतात, आणि वाचलं की कळतं. मास्तरांनी हे सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी काठी टेकत एक म्हातारे आले. एका मित्राबरोबर चौतीस वर्षं एका घरात राहिलेले. मित्र गेला तेव्हा त्याच्या पुतण्यांनी अंत्यविधी, शोकसभा, सगळं उरकलं. “त्यांनी मला वाईट वागवलं नाही,” म्हातारे म्हणाले. “बसायला खुर्चीही दिली. शेवटच्या रांगेत.” सभागृहात लिहिताना बाईंना काही झालं नाही. मागच्या खोलीत ‘शेवटच्या रांगेत’ हे शब्द टाइप करून झाल्यावर मात्र बोटं थांबली. सुतळी आत आला तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा तसाच होता आणि बाई खिडकीतून मागच्या अंगणातल्या सायकली बघत होत्या.

पंधराव्या दिवशी त्यांच्याच वयाच्या एक बाई विरोधात बोलल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. मुलगा त्यांचाही तसाच होता. म्हणाल्या, “मी त्याला घराबाहेर नाही काढलं. येतो, जेवतो, जातो. पण कायदा झाला तर मला चारचौघांत सांगावं लागेल. आत्ता कसं, झाकली मूठ आहे.” लिहिताना बाईंनी मनातल्या मनात मान डोलावली; हे तर आपलंच बोलणं. टाइप करून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. कागदावर ते फार केविलवाणं दिसत होतं. त्या बाई चांगल्या होत्या, मुलगा जेवून जात होता, आणि तरी त्या सगळ्या मजकुरात मुलगा सुखी आहे की नाही याबद्दल एक शब्द नव्हता. बाईंनी पान उलटं करून ठेवलं. आपण त्या मुलाची आई आहोत असं त्यांना वाटलं, आणि ते आवडलं नाही.

चौतिसाव्या दिवसाची यादी आदल्या दिवशी हातात आली. अकरावं नाव लेकीचं होतं. पुढे व्यवसाय: पोहण्याची शिक्षिका.

सुतळी लांब असला तरी अकलेने आखूड नव्हता. यादी वाचून हळूच म्हणाला, “बाई, अकरा नंबर मी लिहितो. माझ्याच पाळीत येतोय बहुतेक. नाही आला तर तुम्ही नुसती मान हलवा, मी येऊन बसेन.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, उद्या तू सभागृहात आहेस?”

“मी रोजच असते.”

“मी बोलणार आहे उद्या.”

“यादी पाहिली.”

मग लेक म्हणाली, “तुझं नाव नाही घेणार. काळजी करू नकोस.”

खरं तर इथे बोलायला जागा होती. वीतभर नाही, चांगली हातभर. बाईंच्या मनात काहीतरी वर आलं, आणि तोंडातून निघालं ते असं: “हळू बोल म्हणजे झालं. घाबरलीस की तू पळतेस. सुतळीला झेपत नाही.”

“बरं,” लेक म्हणाली. “दाढ कशी आहे?”

“ठीक आहे.”

फोन ठेवल्यावर बाई स्वतःवर इतक्या चिडल्या की त्यांनी चारच्या चारही पेन्सिलींना पुन्हा टोक केलं, जे आधीच होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ नंबर संपत आला तेव्हा बाईंची पाळी सुरू होती. दहावे गृहस्थ बोलके म्हणून प्रसिद्ध. ते सहज पंधरा मिनिटं घेतील आणि अकरा नंबर सुतळीच्या वाट्याला जाईल. सुंठीवाचून खोकला गेला, असं बाईंना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. दहावे गृहस्थ उठले, म्हणाले, “आधीच्या वक्त्यांनी सांगितलं तेच माझं म्हणणं. मला दुकान उघडायचंय,” आणि निघून गेले.

अकरा नंबर पुकारला गेला. दारात उभा असलेला सुतळी अर्धा आत आला आणि बाईंकडे बघत राहिला. बाईंनी मान हलवली नाही. वहीचं नवं पान काढलं.

लेक खुर्चीत बसली. निळा शर्ट, मागे घट्ट बांधलेले केस. दातांची डॉक्टर तिसऱ्या रांगेत, खोकणाऱ्याच्या शेजारी. लेकीने एकदा आईच्या टेबलाकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे वळली आणि पळत सुटली. मिनिटाला एकशेसाठ तरी. बाईंची पेन्सिल मागे पळाली आणि मागे राहिली नाही.

“मी मुलांना पोहायला शिकवते. तलावावर आम्हा शिक्षकांना एक अर्ज भरावा लागतो. अपघात झाला तर कोणाला कळवायचं, आणि नातं काय. सहा वर्षं मी तिथे ‘मैत्रीण’ लिहितेय. मागच्या वर्षी माझं डोकं कठड्यावर आपटलं, दोन दिवस दवाखान्यात होते, तेव्हा कळलं, मैत्रिणीला कळवतात. विचारत नाहीत. आम्ही काही नवीन मागायला आलेलो नाही. संसार सुरूच आहे. नळ गळतो, कचरा कोणी टाकायचा यावरून भांडणं होतात. सगळं आहे, फक्त कागद नाही.”

दवाखान्याचं बाईंना माहीत नव्हतं. त्या आठवड्यात फोन आला होता, नेहमीसारखा, तब्येत विचारायला. बाईंची. पेन्सिल चालत राहिली.

समितीतल्या प्राध्यापिकांनी, अगदी सौम्यपणे, तो प्रश्न विचारला जो त्या प्रत्येक तरुण साक्षीदाराला विचारत. “आणि घरच्यांना हे मान्य आहे?”

लेक थांबली. “घरी आई आहे. तिला मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं.” मग अध्यक्षांकडे वळून म्हणाली, “सर, हे नोंदीत नको. तिची काही चूक नाही. चारचौघांत तिला उत्तर द्यावं लागावं असं मला वाटत नाही.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “ठीक आहे. हा प्रश्न आणि उत्तर नोंदीत नको.”

बाईंचा हात सवयीने थांबला. सभागृह ऐकत होतं आणि कागद कोरा होता, आणि बाईंना एकदम सगळं दिसलं. तीन वर्षं आपण पोरीला जिथे ठेवलं, तिथेच तिने आज आपल्याला ठेवलं होतं. फरक एवढाच की बाईंनी ते स्वतःला वाचवायला केलं होतं आणि पोरीने आईला वाचवायला.

त्यांनी पेन्सिल वर केली.

अध्यक्षांना ते कळायला वेळ लागला. दारातल्या सुतळीला आधी कळलं, त्याने चौकट धरली. “बाई?” अध्यक्ष म्हणाले. “तुमचं काही सुटलं?”

“हो सर. शेवटचा प्रश्न. आणि उत्तर.”

“ते नोंदीत नको असं आपण आत्ताच ठरवलं.”

“ऐकलं सर. पण साक्षीदाराची हरकत नसेल तर ते नोंदीत यावं.”

एकोणतीस वर्षांत जी पेन्सिल वर झाली नव्हती, तिला नाही म्हणणं त्या भल्या माणसाला जमलं नसावं. त्यांनी लेकीकडे बघितलं. “तुमची हरकत?”

लेक आईकडे बघत होती. तिने मान हलवून नाही म्हटलं. प्राध्यापिकांनी प्रश्न पुन्हा विचारला.

“हळू सांगा,” बाई म्हणाल्या. लेकीला त्यांनी जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं. “मला एकही शब्द सोडायचा नाही.”

लेकीने उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. तर्जनी उचलली गेली आणि लाकडावर ठेका पडू लागला. टक, टक. मिनिटाला ऐंशी.

“घरी आई आहे. तिला मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं. तिला मान्य आहे की नाही, हे आजपर्यंत मला माहीत नव्हतं. आता वाटतंय, आहे.”

बाईंच्या हाताला ऐंशीचा वेग म्हणजे फिरायला जाणं. दोन शब्दांच्या मध्ये चिक्कार वेळ राहिला, आणि त्या वेळात डोकं आलं, आणि डोक्यामागून डोळ्यांत पाणी आलं. सरकारी हाताने डोळे पुसता येत नव्हते. एक थेंब वहीवर पडला, एका रेघेला पाय फुटला. पण बाईंना ती वाचता आली असती; ती रेघ ‘आई’ची होती.

मागच्या खोलीत टाइप करायला त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. प्रत्येक साक्षीच्या तळाशी एक छापील ओळ असते: ‘ऐकलं तसं लिहिलं, बरोबर आहे.’ तिच्याखाली स्टेनो आपली आद्याक्षरं टाकतो. बाईंनी त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं, लग्नानंतरच्या आडनावासकट, जे लेकीचंही होतं.

त्यानंतर साक्षीदाराने येऊन मजकूर वाचायचा आणि सही करायची. लेक आली. दातांची डॉक्टर दाराशीच थांबली, आत यावं की न यावं अशी.

“अगं, बाहेर काय उभी? ये, बस,” बाई म्हणाल्या. आजपर्यंत त्या तिला ‘अहो डॉक्टर’ म्हणत असत. डॉक्टर आली आणि सुतळीच्या खुर्चीत अवघडून बसली. “पोरीचं डोकं फुटलं तेव्हा मला का नाही कळवलंस?”

“तिने शपथ घातली होती.”

“पुढच्या वेळी तिची शपथ मोडायची. माझ्या नावावर.”

लेक वाचत होती. शेवटच्या ओळीवर आली, खाली आईची सही बघितली. मग तिने बोट ठेवलं. “आई, हे ‘आता वाटतंय’ आहे ना, ते काढता येईल? नुसतं ‘आहे’ ठेवू या.”

बाईंनी पान आपल्याकडे ओढून घेतलं. या बाबतीत त्यांनी मंत्र्यांचीही गय केली नव्हती. “नाही. टायपिंगची चूक असेल तर सांग. बोललीस ते बोललीस. नोंद बदलत नाही.”

“अगं, पण आता तर—”

“काही पण नाही.” बाईंनी पान परत तिच्यापुढे सरकवलं आणि आपली पेन्सिल बाजूला ठेवून तिला पेन दिलं. समितीचा अहवाल कधी निघेल, कायदा होईल की नाही, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना एवढंच ठाऊक होतं की लोक अजून पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ वेळा हाच प्रश्न विचारणार आहेत. “पुढच्या वेळी कोणी विचारलं, तर वाटतंय-बिटतंय काही नको. नुसतं ‘आहे’ म्हणायचं. मी सांगितलंय म्हणून सांग.”

लेकीने सही केली. आईकडे बघत केली, त्यामुळे सही रकान्याच्या बाहेर जाऊन आईच्या सहीवर चढली. दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर बाईंनी सगळं पान पुन्हा छापलं असतं. ते त्यांनी तसंच फायलीला लावलं.